झाडाचे बालपण कमी करता येईल?

छत्तीसगड म्हणजे भाताचे कोठार. तिथला दुबराज तांदूळ शिजू लागला की शेजारच्या घरी कळते, इतका त्याला सुवास. पण दुबराजचे रोप उंच, वाऱ्यापावसात लोळणारे, आणि वाण गरवा, म्हणजे उशिरा तयार होणारा. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने या बियाण्यावर गॅमा किरणांचा मारा केला. त्यातून बुटकी आणि लवकर येणारी रोपे पिढीमागून पिढी निवडली आणि 2019 मध्ये दुबराजचा नवा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. भाताची पिढी काही महिन्यांची. एक हंगाम वाया गेला, तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते.

हेच काम आंब्यावर करायचे झाले तर?

कोय रुजल्यापासून पहिला मोहोर यायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात, कधी त्याहूनही जास्त. ही झाडाची बाल्यावस्था. या काळात कितीही खत-पाणी घाला, झाड फुलत नाही. कलम मात्र तीन-चार वर्षांत फळते, हा अनेकांचा अनुभव. कारण कलमाची काडी मुळातच वयात आलेल्या झाडाची असते. पण कलम म्हणजे जुन्याच झाडाची नक्कल. नवा वाण हवा असेल तर दोन झाडांचा संकर करून कोयच लावावी लागते. मोहोरात फुले हजारो, टिकणारी फळे मूठभर आणि प्रत्येक फळात कोय एकच!

कोकणातल्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने हा खटाटोप केला आहे. हापूसचा स्वाद अवीट, पण फळात साका होतो आणि झाड एक वर्षाआड धरते. तिथे नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आला 1981 मध्ये. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर होऊन पातळ कोयीचा 'सिंधू' आला 1992 मध्ये. ही झाली दोन पिढ्यांची कथा. एखाद्या रायवळ आंब्यातली रोगप्रतिकारशक्ती हापूसमध्ये आणायची, तर तिच्याबरोबर आंबट चव आणि रेषाही येणार. त्या घालवायला असे पाच-सहा संकर लागतील. म्हणजे आजोबांनी सुरू केलेले काम नातवाने संपवायचे.

दहा महिन्यांत फुललेला प्लम

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या केअर्नीजव्हिल येथील केंद्रात चिन्नतंबी श्रीनिवासन, राल्फ स्कॉर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लमच्या झाडावर वेगळीच युक्ती केली. फुलण्याचा संदेश देणारे 'एफटी' नावाचे जनुक वनस्पतींमध्ये असते. पानांत तयार झालेला हा संदेश शेंड्याकडे पोहोचला की कळी धरते. बाल्यावस्थेत तो पुरेसा निघत नाही. शास्त्रज्ञांनी पॉप्लर वृक्षातले हे जनुक प्लममध्ये घातले. एरवी फुलायला तीन ते सात वर्षे घेणारी रोपे हरितगृहात एक ते दहा महिन्यांत फुलली! प्लमला फुलण्यासाठी कडाक्याची थंडी लागते. या रोपांना तीही लागली नाही. हे संशोधन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी 2001 मध्ये स्पेनमध्ये लिंबूवर्गीय रोपेही अशाच उपायाने पहिल्या वर्षी फुलली होती.

खरी गंमत पुढेच आहे. संकरातून निघालेल्या रोपांपैकी साधारण निम्म्यांत हे जनुक उतरते, निम्म्यांत नाही. दरवर्षी पहिल्या निम्म्यांतली चांगली रोपे निवडून पुढचा संकर करायचा. हवे ते सारे गुण जमले की शेवटच्या पिढीत मात्र दुसरी निम्मी, म्हणजे जनुक नसलेली रोपे ठेवायची. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ लग्न लागल्यावर मांडवातून निघून जावा, तसे हे जनुक काम आटोपून निघून जाते. बागेत जाणाऱ्या झाडात ते नसते. तरीही प्रश्न उरतो. आजीच्या अंगी परके जनुक होते, नातीच्या नाही. मग नातीला काय म्हणायचे? बीटी वांग्यावर 2010 मध्ये स्थगिती आणणाऱ्या आपल्या देशात यावर वाद होणार, आणि तो उघडपणे झालेलाच बरा. फळ खाणाऱ्याला ते कसे तयार झाले, हे कळायलाच हवे.

आंब्यापुढे आणखी एक अडचण आहे. त्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत अख्खे रोप वाढवणे फार अवघड जाते. शिवाय फूल लवकर आणता आले, तरी झाड दरवर्षी धरते की वर्षाआड, हे पाहायला वर्षेच लागतात. तिथे घाई चालत नाही.

गुण आणायचे कुठून?

हे जनुक वेग देते, गुण देत नाही. गुण जुन्याच झाडांतून घ्यावे लागतात. या बाबतीत भात पुन्हा सुदैवी. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या वाणांच्या पायावर उभा राहिलेला रायपूरचा भातसंग्रह आज 23 हजारांच्या वर आहे. सुकवलेले दाणे थंड खोलीत वर्षानुवर्षे टिकतात.

आंब्याची कोय तशी टिकत नाही. सुकली की काही आठवड्यांत मरते. तिचा संग्रह करायचा म्हणजे झाडच जिवंत ठेवायचे. आणि बांधावरचा रायवळ, फळे बारीक आणि बाजारात भाव नाही म्हणून, सर्वांत आधी कुऱ्हाडीखाली जातो.