पुड्यामागचे आकडे : ६२१, ६२७, ६३१

भंडाऱ्याच्या बाजारात वेफरचा किंवा नूडल्सचा पुडा उलटा करून बारीक अक्षरांतला ६२१ हा आकडा दिसताच तो विषाचा शिक्का समजून पुडा फडताळावर परत ठेवणारी, आणि त्याच्या जागी ६२७, ६३१ छापलेले पाहून निश्चिंत होणारी माणसे मी नित्य पाहतो. या दोन्ही समजुतींची शहानिशा झालीच पाहिजे.

६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट (एमएसजी), आपला ‘अजिनोमोटो’. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या अर्कातून वेगळे करून ज्याची चव ओळखली, ते ग्लुटामेट पिकल्या टोमॅटोत आणि मातेच्या दुधातही असते, आणि ते पुड्यातून आले की टोमॅटोतून, असा भेद शरीर करीत नाही. ६३१ हे इनोसिनेट मासळी-मांसात, तर ६२७ हे ग्वानिलेट वाळलेल्या आळंब्यांत आढळते. ६३५ हे या दोहोंचे मिश्रण. ही द्रव्ये एकटी फारशी खुलत नाहीत, परंतु ग्लुटामेटची जोड मिळताच चव अनेक पटींनी वाढवतात. मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या मासळीचा टोमॅटो घातलेला रस्सा जिभेवर रेंगाळतो, त्याचेही एक कारण हेच. म्हणूनच ज्या पुड्यात ६२१ नाही, त्यात यीस्टच्या अर्कातून ग्लुटामेट येऊन ६३५ ला साथ देत असण्याचा पुष्कळ संभव असतो.

६३१ म्हणजे डुकराची चरबी, ही अफवाही निराधार आहे. ते मांसापासून किंवा मासळीपासून काढता येते हे खरे, परंतु ते चरबी नव्हे, आणि किण्वनानेही तयार होते. शाकाहारी ग्राहकाने पुड्यावरील हिरवी खूण पाहावी. मात्र ६२७ आणि ६३१ यांचे शरीरात युरिक आम्ल होत असल्यामुळे, ज्यांना त्याचा विकार आहे त्यांनी आपल्या वैद्याचा सल्ला घ्यावा.

५ जून २०१५ रोजी मॅगी मागे घेण्याचा हुकूम निघाला तो अजिनोमोटो विष ठरले म्हणून, असे आजही ठामपणे सांगितले जाते. वस्तुतः आक्षेप शिशाच्या प्रमाणावर आणि ‘एमएसजी घातलेले नाही’ या मजकुरावर होता. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द करून नमुने नव्याने तपासण्यास फर्मावले.

अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के, साध्या मिठात सुमारे ३९ टक्के. तेव्हा पुडा उलटा कराल, तेव्हा ६२१ शोधण्याआधी सोडियमची ओळ वाचा.