आधी एर्लांग बसवा!

‘लॅपटॉपवर रॅबिट-एमक्यू टाकायला गेलो, तर ते आधी एर्लांग मागतं. ही काय भानगड?’ असं एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यानं विचारलंय. उत्तर सोपं आहे: २००७ साली आलेला हा मेसेज ब्रोकर एर्लांग याच भाषेत लिहिलाय.

हॉटेलात वेटर ऑर्डरची चिठ्ठी तारेला टोचून पुढच्या टेबलाकडे वळतो, आचाऱ्यापाशी ताटकळत नाही. ब्रोकर म्हणजे ती तार. फक्त त्याची शिस्त अशी, की ताट बाहेर गेल्याशिवाय चिठ्ठी फाडायची नाही.

विंडोजवर एर्लांग आणि रॅबिट-एमक्यूच्या आवृत्त्या जुळतात ना, ते आधी बघा. यूजरनेम देवनागरीत असेल तर गाडी अडू शकते (आपल्या नशिबी हे आहेच!), रोमन अक्षरांतलं खातं घ्या. मॅनेजमेंट प्लगइन चालू करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं १५६७२ पोर्ट उघडा. नाव गेस्ट, पासवर्डही गेस्ट. निरोप घेणारा प्रोग्रॅम बंद ठेवून शंभरेक निरोप सोडा: ‘रेडी’खालचा आकडा चढतो. प्रोग्रॅम सुरू केला की निरोप ‘अनॅक्ड’मध्ये, म्हणजे पोच न मिळालेल्यांत, जातात. पोच द्यायच्या आत त्याला मध्येच बंद पाडा, सगळे मुकाट्यानं ‘रेडी’त परत! ब्रोकरच बंद पडला तरी निरोप टिकायला हवे असतील, तर रांग ‘ड्युरेबल’ आणि निरोप ‘पर्सिस्टंट’, दोन्ही हवं. एकावर भागत नाही.

एर्लांग भाषा १९८६च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवायला घेतली. आर्मस्ट्राँगचं नाव निदान प्रोग्रॅमर घेतात. ज्याच्या नावाची ही भाषा, त्या आग्नर क्रारूप एर्लांगला मात्र कुणी विचारत नाही. हा डॅनिश गणिती १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत लागला. सुरुवातीला प्रयोगशाळा नव्हती, म्हणून शिडी घेतलेल्या एका कामगाराला बरोबर घेऊन हा गृहस्थ रस्त्यावरच्या मॅनहोलांत उतरून विजेची मापं घ्यायचा. आणि १९०९ मध्ये याच माणसानं फोन येण्याच्या बेभरवशी वेळांना संभाव्यतेच्या गणितात बसवलं. रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं.

ते गणित ब्रोकरच्या जाहिरातींत सापडत नाही. ‘ब्रोकर लावा, सिस्टिम कितीही भार पेलेल’ ही निव्वळ थाप आहे. काम करणारा प्रोग्रॅम एकच, आणि निरोपांची आवक व प्रत्येकाला लागणारा वेळ दोन्ही बेभरवशी, असा साधा हिशेब धरा. तो ९० टक्के वेळ कामात असेल तर सरासरी ९ निरोप अडकलेले असतात, ९५ टक्के झाला की १९, आणि ९९ टक्क्यांना ९९. ब्रोकर त्यांना नीट सांभाळेल, पण कामाचा वेग काडीनं वाढवणार नाही. त्यासाठी निरोप घेणारा दुसरा प्रोग्रॅमच उभा करावा लागतो. कॉलेजच्या प्रोजेक्टात दिवसाला पन्नास ई-मेल पाठवायचे असतील, तर डेटाबेसमधला एक तक्ता पुरतो.