भाषा कोरकू, काम परगावी. मग हक्क कुठं अडतो?

सेमाडोह : दिवाळी झाली की परतवाडा-धारणी रस्त्यावरच्या गावांतली माणसं कामासाठी बाहेर पडतात. कोणी कापूस वेचायला, कोणी हरभरा सोंगायला, कोणी वीटभट्टीवर. होळीला मात्र जो तो गावी येतो. घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि कागदावर मराठी, असा हा तीन भाषांचा संसार आहे. परगावी गेलं की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. "कार्ड इथलं नाही." "आधी दाखला आणा." "मराठीत लिहून आणा."

असं सांगून परत पाठवता येतं का? बहुतेक वेळा नाही. पण त्यासाठी एकच एक कायदा नाही. जसं काम, तसा कायदा. म्हणून कुठं काय बोलायचं, हे माहीत असलेलं बरं.

राज्यघटना काय म्हणते?
कलम 14 नुसार कायद्यापुढं सगळे समान. कलम 15 जन्मस्थानावरून, तर कलम 16 सरकारी नोकरीत जन्मस्थान आणि रहिवासावरूनही भेदभाव करू देत नाही. या दोन्ही कलमांत 'भाषा' हा शब्द नाही. तो कलम 29 मध्ये आहे : सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

शाळा
शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 5 नुसार जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. वयाचा पुरावा नाही, म्हणूनही नाही. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं, असंही याच कायद्यात आहे. पण 'शक्य तिथवर' या दोन शब्दांतच गोम आहे. मराठीपेक्षा पार वेगळ्या, मुंडा कुळातल्या कोरकूत शिकवणारे गुरुजी हवेत ना!

रेशन
'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत अन्न सुरक्षा यादीतल्या कुटुंबाला देशातल्या कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेता येतं. आधार जोडलेलं असावं आणि अंगठा जुळावा. घरच्यांनी अर्धं गावी आणि अर्धं कामाच्या ठिकाणी उचललं तरी चालतं.

मजुरी
राज्याची हद्द ओलांडणाऱ्या मजुरांसाठी 1979 पासून वेगळा कायदा होता. आता तो 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. सेमाडोहहून बऱ्हाणपूरला गेलेला मजूर त्यात बसू शकतो. अकोल्याला गेलेला बसत नाही, कारण राज्य तेच. पण किमान वेतन दोघांनाही लागू. उचल दिली म्हणून मजुराला अडकवून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची.

ऑफिस आणि पोलीस ठाणे
कलम 350 नुसार देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या भाषेत तक्रार देता येते. म्हणजे हिंदीतला अर्जही चालतो. फक्त पोच घ्यायला विसरू नका. पोलिसांकडं गुन्ह्याची माहिती तोंडी सांगितली तरी ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची, हे त्यांचं काम. कोर्टात आरोपीला भाषा कळत नसेल तर साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगावी लागते.

जातीचा दाखला
इथं मात्र 'कुठले?' हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पूर्वी अमरावती जिल्ह्यात फक्त मेळघाट तालुक्यातल्या कोरकूंनाच अनुसूचित जमात धरलं जायचं. डोंगर उतरून अचलपूरकडं राहणारा कोरकू त्या यादीत नव्हता. माणूस तोच, भाषा तीच, पण तालुका बदलला की हक्क गेला. 1976 च्या दुरुस्ती कायद्यानं ही तालुक्याची अट काढली. राज्याची अट मात्र कायम आहे. बैतुलकडून इथं येऊन राहिलेल्या कुटुंबाला मध्य प्रदेशच्या दाखल्यावर महाराष्ट्रातलं आरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1990 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. कोरकूंच्या सोयरिकी दोन्ही राज्यांत आहेत, म्हणून हे आधीच माहीत असावं.

अडलं तर काय करायचं?
विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला वकील मोफत मिळतो. उत्पन्नाची अट नाही. अमरावतीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 15100 या नंबरवर फोनही करता येतो. धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही लेखी अर्ज देता येतो.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणी नाही म्हटलं तर भांडू नका, "हेच लिहून द्या" म्हणा. तोंडी नकाराचा पुरावा नसतो. लेखी नकारावर पुढं दाद मागता येते.