लादी सुकेपर्यंत

जुन्या घराची दुरुस्ती निघाली की पहिला घाव फरशीवर पडतो. छप्पर, वासे, दारं-खिडक्या यांच्यावर घरात चार बैठका होतात. फरशीचा निकाल एका वाक्यात लागतो, "ती तर गेलीच आहे, व्हिट्रिफाइड टाकून घेऊ." कुडाळजवळच्या एका घरात काकींनी हट्टाने जुनी जमीन काढू दिली नाही, म्हणून ती पूर्ववत करण्याचं काम मला जवळ बसून बघता आलं. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की गेलेली म्हणून आपण जी फरशी उखडतो, त्यातली बरीचशी नुसती मळलेली आणि ओली असते. मळ कष्टाने निघतो. ओल मात्र तिच्या वेळेनेच जाते, आणि नेमकी तिथेच आपल्याला घाई होते.

घर चिऱ्याचं. ओटी-पडवीला तांबडी मंगळुरी लादी, माजघरात आणि स्वयंपाकघरात शहाबादी. मंगळुरी लादी म्हणजे भाजलेली माती. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पूला कौलांचा कारखाना काढला, पाठोपाठ त्या भागात आणखी कारखाने आले, आणि कौलांबरोबर जमिनीच्या लाद्याही किनाऱ्याने कोकण-गोव्यात उतरू लागल्या. पडवीतली एक सुटलेली लादी मिस्त्रींनी उलटी केली, तर पाठीवर कारखान्याचा ठसा होता, अक्षरांच्या खाचांत जुना चुना घट्ट बसलेला. शहाबादी ही अस्सल दगडाची. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींतला हा चुनखडीचा दगड मुळात थरांनी सुटतो, म्हणून त्याची वरची बाजू क्वचितच पुरती सपाट असते. कोटा आणि कडप्पा हे त्याचेच भाऊबंद.

हा फरक कामाला बसण्याआधी डोक्यात पक्का हवा. लादी सच्छिद्र असते, पाणी आणि तेल दोन्ही पिते. शहाबादी घट्ट असते, सहज काही पीत नाही, पण आम्ल लागलं की जळते. एकाच बाटलीतलं औषध दोघींना देणारा कारागीर दारात उभा करू नये.

मिस्त्रींनी सुरुवातीला एकही हत्यार उचललं नाही. हातोडी उलटी धरून तिच्या दांड्याने एकेक लादी ठोकत ते पडवीभर फिरले. खाली नीट बसलेली लादी खणखणीत वाजते, सुटलेली बद्द वाजते. बद्द वाजेल तिच्यावर खडूची फुली. मग पाण्याचे थेंब. ओटीवरच्या लादीवर थेंब पडला की क्षणात मुरून काळपट ठिपका उमटत होता. उंबऱ्याजवळच्या काही लाद्यांवर मात्र थेंब गोल बसून राहिला. तिथे आधीच्या एका दुरुस्तीत कुणीतरी चकचकीत लॅकर मारलं होतं. मिस्त्रींनी नखाने त्याची कड उचलली, तर लॅकरबरोबर लादीचाच पातळ पापुद्रा सुटून आला आणि खाली बारीक, पांढरे, चमकणारे कण दिसले.

ते कण क्षारांचे. भिंतीलगतच्या ओळींवरही त्यांचीच पांढरी पूड फुलली होती आणि घरातले तिला बुरशी समजून दर आठवड्याला सोडा घालून धूत होते. जुन्या घरांच्या जमिनीखाली ओल अडवणारा थर नसतो. पावसात जोत्याखालची माती भिजते, ते पाणी लादीतून वर चढतं आणि दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की उडून जातं. येताना विरघळवून आणलेले क्षार मागे राहतात. वर वाट मोकळी असेल तर ते पृष्ठभागावर फुलतात, दिसायला वाईट पण निरुपद्रवी. वाट लॅकरने बंद केली तर ते आतच, कातडीखाली, स्फटिक धरतात आणि फुगून लादी फोडतात. पूड पाण्याने धुतली की क्षार विरघळून पुन्हा आत जातात, आणि धुण्याचा सोडा हा तर स्वतःच क्षार. म्हणून ती कोरड्या ब्रशने झाडायची, सुपलीत भरायची आणि घराबाहेर टाकायची.

लॅकर काढायला शहरातल्या एका मशीनवाल्याने एका दिवसाचा वायदा दिला होता. मिस्त्रींनी मशीन दारातूनच परत पाठवलं, आणि माझ्या मते त्या घरातला सगळ्यात मोलाचा निर्णय तोच. भट्टीत भाजताना लादीला बाहेरून एक टणक कातडी येते. आतला गाभा त्या मानाने भुसभुशीत असतो. ग्राइंडरने घासली की लादी दोन दिवस नवी दिसते, कारण कातडीच निघून गेलेली असते. पुढे झाडू मारला की तांबडी पूड निघत राहते. शहाबादीवर मशीन चालतं, लादीवर चालवू नये.

तेव्हा लॅकरवर रंग काढायची जेल लावली, ते मऊ पडलं की प्लास्टिकच्या पट्टीने ओढून घेतलं. मग कोमट पाणी, सौम्य साबण आणि काथ्याचा ब्रश. एका वेळी हातभर चौरसच भिजवायचा, घासायचा आणि मळीचं पाणी लगेच टिपून घ्यायचं. ते तसंच राहू दिलं तर लादी मळीसकट पिऊन टाकते. गुडघ्याखाली गोणपाट घेऊन मिस्त्री आणि त्यांचा मुलगा असे ओळीने सरकत गेले. धुतल्यावर लाद्यांचे रंग सुटे सुटे दिसू लागले, कुठे विटकरी, कुठे नारिंगी, कुठे भट्टीत जास्त तापल्याने जांभळट. मळाखाली सगळ्या एकाच तपकिरी रंगाच्या भासत होत्या.

फुटलेल्या लाद्यांना बाजारातल्या नव्या लाद्या जुळत नाहीत, जाडीही वेगळी आणि रंगही. काकींच्या घरात कोठाराच्या कोपऱ्यात, भाताच्या कणगीखाली तीच लादी होती. तिथल्या चांगल्या लाद्या उचलून पडवीत आणल्या आणि कोठारात नव्या बसवल्या. सुटलेल्या लाद्या सिमेंटवर बसवण्याचा आग्रह गवंडी धरतात. सिमेंटचा माल लादीपेक्षा कडक होतो, स्वतःचे क्षार सोडतो आणि पुन्हा लादी काढायची वेळ आली तर तिला फोडूनच सोडतो. इथे चुना आणि वाळूचा माल वापरला. दरजा भरताना त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड मिसळली, त्याने चुना ओलीतही धरतो आणि रंगही लादीशी जुळतो. माल भरायच्या आधी कडा भिजवून घेतल्या, कारण कोरडी लादी चुन्यातलं पाणी शोषते आणि दरज ठिसूळ होते.

आणि मग काम थांबलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की मिस्त्री दुसरीकडे लागले. ते अधूनमधून येत, लादीवर तळहात ठेवत आणि जात. काकींना मुंबईहून पाहुणे यायचे होते, त्यांनी तेल कधी लावणार म्हणून विचारलं. मिस्त्री म्हणाले, "काकी, अजून ओली आसा ती. घाई करून चलाचा नाय." वरून लादी ठणठणीत कोरडी दिसत होती. त्यांनी प्लास्टिकचा एक चौकोनी कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने लादीवर बंद करून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूने दव धरलं होतं आणि खालची लादी गडद झाली होती. काकींनी पुन्हा विचारलं नाही.

त्या मधल्या काळात घराबाहेरचं काम उरकलं, आणि ओलीवरचा खरा इलाज तोच होता. पागोळ्यांचं पाणी वर्षानुवर्षं जोत्याच्या पायथ्याशीच मुरत होतं. पन्हळ बसवली, गटार खोदून पाणी परसात लांब सोडलं, जोत्यालगत साचलेली माती उतरवली. आत कितीही महागडं सीलर ओता, पायथ्याशी पाणी मुरत असेल तर पैसा त्या पाण्यातच जातो.

शहाबादीचं काम त्या मानाने सरळ होतं. चुलीजवळ आणि देवघरासमोर दोन तऱ्हेच्या खुणा होत्या. देवघरासमोर समईचं तेल मुरून गडद डाग पडला होता. त्यावर मुलतानी मातीचा ओला लेप थापला, वर प्लास्टिक झाकलं, दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप वाळू दिला. वाळताना माती तेल ओढून घेते. असं काही वेळा केल्यावर डाग ओळखू येईना. चुलीजवळचे चट्टे फिकट होते, आगळाचे. कोकमाच्या आगळात आम्ल असतं आणि चुनखडीच्या दगडाला ते खातं. हा डाग नाही, दगडच तिथे झिजलेला आहे, त्यामुळे कितीही धुतलं तरी जात नाही. तिथे कार्बोरंडमचे दगड पाण्याबरोबर फिरवले, आधी १२० नंबरचा, मग २२०, मग ४००, तेव्हा चट्टा आजूबाजूच्या फरशीत मिळून गेला. सीलर आम्ल अडवत नाही हे विकणारे सांगत नाहीत. आगळ, लिंबू, चिंचेचा कोळ सांडला की लगेच पुसणं हाच उपाय. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर शहाबादी, कोटा, कडप्पा यांच्या वाऱ्यालाही नको.

माजघराच्या मधोमध, दोन दारांच्या वाटेवर, दगड पावलांनी खोलगट झाला होता. मुलाने तो भाग घासून सपाट करू का विचारलं. काकी नको म्हणाल्या आणि मिस्त्रींनीही मान डोलावली. घासून सपाटी आणायची तर भोवतीची अर्धी खोली खाली न्यावी लागली असती. शहाबादीवर थेंब बराच वेळ तसाच बसून राहत होता, म्हणून तिला सीलर लावलंच नाही. जिला गरज नाही तिला काही लावू नये.

लादीला तेल लागलं ते शिमग्याच्या आधी. उकळलेलं जवसाचं तेल, पहिल्या हाताला तेवढंच टर्पेंटाइन मिसळून पातळ केलेलं. फडक्याने पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. पुसलं नाही तर लादी चिकट होते आणि धूळ धरते. तेलाने रंग गडद होतो, ते न आवडणाऱ्यांनी सायलेन-सिलॉक्सेन जातीचं आत मुरणारं सीलर घ्यावं. ते वर पापुद्रा धरत नाही, रंग फारसा बदलत नाही आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतं. दोन्हींपैकी काहीही आधी कोपऱ्यात लावून बघावं. क्षार फुलणाऱ्या भिंतीलगतच्या ओळी मिस्त्रींनी कोरड्याच ठेवल्या. तिथून ओल अजून काही पावसाळे निघत राहील, तिची वाट अडवायची नाही. तेलाची फडकी त्यांनी पाण्याच्या बादलीत बुडवून घराबाहेर ठेवली. जवसाचं तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं आणि चोळामोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. हे काम घरी करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

झीज पावलांनी होते त्याहून जास्त पावलांखालच्या वाळूने होते. वाळूचे कण चुनखडीपेक्षा कितीतरी कठीण असतात. म्हणून दारात काथ्याचं जाड पायपुसणं, रोजचा झाडू आणि घट्ट पिळलेलं फडकं, एवढीच निगा. वर्षातून एकदा थेंब टाकून बघावा. लादी पाणी पिऊ लागली की पुन्हा पातळ हात द्यावा.

तुमच्या गावच्या घराची फरशी काढायची ठरली असेल तर आधी पन्हळ दुरुस्त करा, एक पावसाळा आणि त्यामागचा उन्हाळा जाऊ द्या, आणि मग जमीन धुऊन बघा. काढावीच लागली, तर धड लाद्या फोडू नका. रचून ठेवा, नाहीतर गावातल्या दुसऱ्या जुन्या घराला द्या. तिथे कुणीतरी तशाच लादीच्या शोधात असेल.