बर्फावरची वाट कोणाची?

एखादें यंत्र गरजेपोटीं जन्मास येतें, गरज सरल्यावर मौजेसाठीं उरतें, आणि मौजेचा पसारा वाढला म्हणजे शेजारधर्माचा प्रश्न उभा करतें. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत स्नोमोबिल या यंत्राची कथा अशीच आहे.

स्नोमोबिल ही बर्फावरची मोटारसायकलच म्हणावयाची. पुढें चाकांऐवजीं दोन लांबट घसरपट्ट्या, खालीं रबराचा फिरता पट्टा आणि वर एकदोघांपुरती बैठक, एवढाच तिचा थाट. तिचे मूळ मात्र दुःखांत आहे. १९३४ च्या हिवाळ्यांत व्हालकूर गांवचा यंत्रज्ञ जोझेफ-आर्मां बोंबार्दिये याचा लहानगा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फानें बंद, त्यामुळें त्यास इस्पितळांत नेतां आलें नाहीं व तो दगावला. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचा ध्यास बापास पूर्वीपासूनच होता. १९३७ सालीं त्यानें मोठ्या बर्फगाडीचें पेटंट मिळविलें. तींतून डॉक्टर, टपाल आणि शाळेचीं मुलें जाऊं-येऊं लागलीं. पुढें १९४८ च्या सुमारास सरकारनें खेड्यांतील रस्तेहि बर्फ उपसून मोकळे ठेवण्याचें ठरविलें, आणि त्या गाडीची निकड ओसरली. तेव्हां १९५९ सालीं बोंबार्दियेनें ‘स्की-डू’ ही लहान, हलकी गाडी बाजारांत आणली. तिनें हिवाळ्यास करमणुकीचें रूप दिलें.

माँट्रियल शहराच्या उत्तरेस लोराँतीद नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथें वस्ती वाढावी म्हणून एकोणिसाव्या शतकांत लाबेल नांवाच्या पाद्र्यानें आगगाडीचा पाठपुरावा केला. ती १८७६ सालीं साँ-जेरोम येथें आणि १९०९ सालीं माँ-लोरियेपर्यंत पोंचली. शतकाच्या अखेरीस ती बंद पडून रूळ उखडले गेले, आणि १९९६ सालीं त्याच वाटेवर सुमारें २०० किलोमीटर लांबीचा सार्वजनिक मार्ग खुला झाला. उन्हाळ्यांत तेथें सायकली धांवतात. हिवाळ्यांत दक्षिणेचा भाग स्कीवर चालणारांस देण्यांत आला व उत्तरेकडील भाग स्नोमोबिलांस.

याच काळांत मों-त्राँब्लांचा परिसर झपाट्यानें वाढत होता. १९९१ नंतर तेथील स्कीच्या डोंगरावर मोठें भांडवल आलें. हॉटेलें आणि सुटीचीं घरें उभीं राहिलीं. जुन्या रुळांच्या कडेचीं घरें आगगाडीच्या जाण्यानें शांत झालीं होतीं. आतां त्यांच्या खिडक्यांजवळून यंत्रांचे तांडे जाऊं लागले, आणि गांवांत दोन पक्ष पडले.

एक पक्ष म्हणे, हिवाळ्यांत गिऱ्हाइक येतें तें या वाटेनें. खाणावळी, पेट्रोलचे पंप, दुरुस्तीचीं दुकानें तिच्यावर जगतात. प्रांतभर पसरलेल्या सुमारें ३०,००० किलोमीटरांच्या जाळ्यांतील ही एक कडी. ती तुटली तर पुढचीं गांवेंहि एकटीं पडतील. दुसऱ्या पक्षाचें गाऱ्हाणें साधें होतें: रात्रीं झोंप नाहीं, दिवसा धुरामुळें खिडकी उघडतां येत नाहीं.

आवाज मोजून तंटा मिटेल असें वाटतें. पण मोजण्यांतच मेख आहे. तांडा जातांना अर्धा मिनिट ८० डेसिबेल आवाज झाला आणि बाकीचा तास शांततेंत गेला, तर तासाची सरासरी ६० च्या आंत येते. कागदावर तो आंकडा सौम्य दिसतो. परंतु झोपलेला मनुष्य सरासरीनें जागा होत नाहीं, तो त्या अर्ध्या मिनिटानें होतो. शिवाय थंडीच्या निरभ्र रात्रीं जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून गार असते. अशा वेळीं ध्वनिलहरी खालीं वळतात व आवाज एरवींपेक्षां दूरवर ऐकूं येतो.

रहिवाशांनीं मिळून दावा लावला. शेजाऱ्यापासून होणारा सामान्य त्रास प्रत्येकानें सोसावा, असें क्वेबेकचा दिवाणी कायदा सांगतो. तेव्हां हा त्रास सामान्य कीं असामान्य, हाच मुद्दा होता. ३० नोव्हेंबर २००४ रोजीं प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयानें तो असामान्य ठरविला आणि रहिवाशांच्या बाजूनें निकाल दिला. लगेच पुढल्याच महिन्यांत प्रांतिक विधिमंडळानें कायदा करून अशा मार्गांवरील आवाज, वास इत्यादि त्रासांबद्दल दावे आणण्यास कांहीं काळाची मनाई केली, आणि ती मुदत पुढें वाढविण्यांत आली. एक निकाल सर्वत्र लागू झाला तर मार्गांचें जाळेंच तुटेल, ही भीति त्यामागें होती. ती निराधार नव्हती. परंतु सर्वांच्या लाभाचा भार थोड्यांच्या झोंपेवर पडला आणि त्यांना न्यायालयाचें दार बंद झालें, हेंहि तितकेंच खरें.

पुढें नियमांनीं मधला मार्ग शोधला. घरापासून १०० मीटरांचें अंतर, मध्यरात्रीपासून सकाळीं ६ पर्यंत बंदी, आणि स्थानिक मंडळांस कांहीं फेरफार करण्याची मुभा, असें त्यांचें धोरण आहे. जाणाऱ्याची वाट राहावी आणि राहणाऱ्याची रात्रहि राहावी, हा त्याचा हेतु.

वाढत्या गांवाचा धडा यांत आहे. वाट आंखतांना शेजारीं घर नसतें म्हणून कोणी विचारीत नाहीं, आणि घर बांधतांना वाट निर्जन असते म्हणून कोणी पाहत नाहीं. दोघेहि एकमेकांजवळ आल्यावर मग भांडण न्यायालयांत जातें. अंतर आणि वेळ हीं दोन मापें आरंभींच ठरलीं, तर जाणाराची मौज आणि राहणाराची झोंप एकाच गांवांत नांदूं शकतात.