मागच्या बाकावरचे मूल

आपल्या संस्थेच्या विहारात रोज सायंकाळी अभ्यासवर्ग भरतो. काही वर्षांपूर्वी त्या वर्गात दुसरीत शिकणारा एक मुलगा येऊ लागला. हाक मारली तरी तो लक्ष देत नसे, शेजारच्या मुलांना ढकलत असे, मध्येच उठून बाहेर जात असे. शाळेतून त्याच्या आईला तीनदा बोलावणे आले होते. वर्गात त्याला मागच्या बाकावर एकटे बसविले होते आणि घरी वडिलांचा मार ठरलेला होता. आम्हीही त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे केले, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. पुढे विहारातील आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी त्याचे कान पाहिले. दोन्ही कान वाहत होते. त्याला नीट ऐकूच येत नव्हते! औषधोपचार झाले, त्याला पुढच्या रांगेत बसविले आणि हळूहळू त्याचे ढकलणे थांबले. परंतु तोपर्यंत शाळेचे दीड वर्ष वाया गेले होते आणि 'वाह्यात' हा शिक्का पुढेही बरेच दिवस पुसला गेला नाही.

त्या मुलाची अडचण पहिलीतच ओळखता आली असती काय? आली असती. त्यासाठीच लहान मुलांच्या वर्तनाची प्राथमिक तपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. ही तपासणी म्हणजे काय आणि तिच्यात धोका कोणता, हे सभासदांना व विद्यार्थ्यांना सोप्या शब्दांत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तपासणी कशी करतात?

या कामी अनेक देशांत वापरली जाणारी एक प्रश्नावली ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केली. तीत २५ छोटी विधाने आहेत. पाच-पाच विधानांचे पाच गट केलेले आहेत : मनाची भीती व उदासी, भांडखोरपणा, चंचलता, सवंगड्यांशी न जमणे आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती. प्रत्येक विधानापुढे 'खरे नाही', 'काहीसे खरे' किंवा 'नक्कीच खरे' अशी खूण करावयाची असते. पालक आणि शिक्षक दोघेही ती स्वतंत्रपणे भरू शकतात. यातील शेवटचा गट आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मुलाचे गुणही विचारले जातात, केवळ दोष नव्हेत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सहा वर्षांचे मूल चुळबुळ करणारच. एखाद्या दिवसाचा हट्ट किंवा एखादे भांडण म्हणजे समस्या नव्हे. ते वागणे कित्येक महिने टिकून आहे काय, शाळा आणि घर अशा दोन्ही ठिकाणी दिसते काय, आणि त्यामुळे मुलाचे शिकणे व मैत्री अडते काय, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. शिवाय दंगा करणारे मूल सर्वांच्या डोळ्यांत येते, पण भ्यालेले व गप्प बसणारे मूल 'गुणी' समजून सोडून दिले जाते. चांगली तपासणी त्या गप्प मुलाकडेही पाहते.

चाळणी आणि निवडणे

आपल्या आया-बहिणी धान्य चाळतात आणि मग ते ताटात घेऊन हाताने निवडतात. चाळणीवर राहिला तो प्रत्येक दाणा खडा नसतो. वर्तनाच्या तपासणीचेही तसेच आहे. उदाहरणादाखल समजा, १०० मुले आहेत आणि त्यांपैकी १० मुलांना खरी अडचण आहे. तपासणीने त्या १० पैकी ८ मुले बरोबर ओळखली. उरलेल्या ९० पैकी केवळ ९ मुलांवर चुकून खूण झाली. म्हणजे एकूण १७ मुलांच्या नावापुढे खूण झाली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांना काहीच अडचण नाही! शिवाय दोन गरजू मुले सुटली ती वेगळीच. म्हणून खूण म्हणजे निदान नव्हे. 'या मुलाकडे नीट पाहा' एवढाच तिचा अर्थ.

आम्ही बँकेत नोकरी करतो. तेथे एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासून सही केल्याखेरीज पक्की होत नाही. रुपयांच्या बाबतीत एवढी काळजी घेतली जाते, मग मुलाच्या आयुष्याची नोंद एकाच व्यक्तीच्या मतावर पक्की कशी करावी? आधी कान, डोळे, रक्तक्षय, झोप आणि भूक पाहावी. घरात दारू किंवा मारहाण आहे काय, हे विचारावे. घरची बोली वेगळी आहे काय, मूल वर्गात वयाने सर्वांत लहान आहे काय, हेही पाहावे. त्यानंतरच तज्ज्ञाकडे जावे.

लवकर ओळखण्याचा लाभ

कॅनडातील मॉन्ट्रियल शहराच्या गरीब वस्त्यांतील बालवर्गात शिकणाऱ्या मुलग्यांविषयी १९८४ साली तेथील संशोधकांनी शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतली. सहाव्या वर्षी अतिशय दांडगाई करणाऱ्यांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून, दोन वर्षे मदत दिली. पालकांना घरी जाऊन मार्गदर्शन केले. शाळेत या मुलांना समंजस सवंगड्यांबरोबर छोट्या गटांत बसवून मिळून-मिसळून वागण्याचे शिक्षण दिले. पुढे ही मुले चोवीस वर्षांची झाली तेव्हा मदत मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे ४६ जणांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केले होते, मदत न मिळालेल्यांपैकी शेकडा ३२ जणांनी. गुन्ह्याची नोंद असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा २२ व ३३ होते. या मुलांना वेगळे काढून बसविले नाही, तर चांगल्या सवंगड्यांत बसविले, ही बाब आपण मनात कोरून ठेवावी.

शिक्क्याचा धोका

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे आहे. तेथे बुद्धिमापन चाचणीच्या आधारे मुलांना, त्या काळी 'मतिमंद' म्हणून ठरविलेल्यांच्या वेगळ्या वर्गांत घालत. त्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फारच मोठे होते. १९७१ साली कृष्णवर्णीय पालक न्यायालयात गेले. 'लॅरी पी. विरुद्ध राइल्स' या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात १९७९ साली न्यायालयाने कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत घालण्यासाठी त्या चाचण्या वापरण्यास मनाई केली. तपासणी पूर्वग्रह असलेल्या हातांत गेली की ती मदत न राहता भिंत होते.

आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. शाळेच्या कोपऱ्यात, घरून नेलेल्या गोणपाटावर एकटे बसावे लागे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेव्हा 'आपल्या मुलाला वेगळे बसविणार काय?' ही पालकांची शंका अनाठायी नाही. परंतु त्या भीतीपोटी तपासणीच नको म्हटले, तर कान वाहणारे मूल मागच्या बाकावरच राहते.

तथागतांचा मार्ग याहून निराळा होता. चूळपंथक या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना. त्याच्या थोरल्या भावानेच, महापंथकाने, त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. तथागतांनी मात्र त्याला थांबविले, हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळीत राहावयास सांगितले. वस्त्र मळत गेले तसतसे त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले आणि तो अर्हत झाला. शिष्य तोच होता, शिकविण्याची रीत बदलली.

आपण काय करावे?

केंद्र शासनाने २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. ऐकणे, दिसणे, बोलणे, शिकण्यातील अडचण, स्वमग्नता व अतिचंचलता यांचाही त्यात समावेश आहे. गरज भासल्यास मुलास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. पथक शाळेत कधी येणार हे पालकांनी विचारावे आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. मुलाविषयी कागदावर काय लिहिले हे समजून घ्यावे, आणि ते वर्गात मोठ्याने वाचले जाणार नाही, असा आग्रह धरावा. मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, हेही सर्वांना ठाऊक असावे.

संस्थेच्या अभ्यासवर्गात शिकविणाऱ्या आमच्या तरुण विद्यार्थी मित्रांना एकच विनंती आहे. जे मूल तुम्हाला सर्वांत अधिक त्रास देते, त्याला बाहेर उभे करण्याआधी पुढे बोलवा, त्याच्याशी शांतपणे बोला आणि त्याला ऐकू येते काय, फळा दिसतो काय, सकाळी त्याने काही खाल्ले काय, एवढे विचारा. आम्ही ते वेळीच विचारले नाही, याची खंत आम्हाला आजही आहे.

जयभीम! भवतु सब्ब मंगलं.