दहावीची गुणपत्रिका काय मोजत नाही?

दहावीचा निकाल लागला की नंदाखालपासून नागपूरपर्यंत प्रश्न एकच, "किती टक्के?" नव्वद असतील तर पेढे, पंचावन्न असतील तर घरात शांतता.

गुण निरुपयोगी नाहीत, अकरावीचा प्रवेश त्यांवरच होतो. पण लेखी पेपरमधून मुलाला काय येतं, काय आठवतं एवढंच कळतं. अडलेलं काम तो तडीस नेईल का, अनोळखी माणसाशी नीट बोलेल का, हे कळत नाही. गंमत म्हणजे खेळ आणि लोककलेसाठीही बोर्ड सवलतीचे गुण देतं. म्हणजे मैदानसुद्धा शेवटी टक्क्यांतच जमा!

मग आत्मविश्वास येतो कुठून?

याचं एक उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये सापडतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत पीएचडी केलेले अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून त्यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली, दहावीला अडकलेली मुलं तिथे वर्षभर राहतात आणि वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, कोंबडीपालन, माती-पाणी तपासणी शिकतात.

खरी गोम पुढे आहे. हे काम नुसतं सरावापुरतं नसतं. गावात कुणाला तरी खरंच गेट हवं असतं. त्याचा खर्च काढायचा, ते बनवायचं, पैसे घ्यायचे. गेट बसलं नाही तर चूक सगळ्यांना दिसते, माप पुन्हा घ्यावं लागतं. बसलं तर शाबासकीची वाट बघावी लागत नाही. कोन, टक्केवारी, हिशेब हे गणितच आहे, फक्त इथे ते कशासाठी लागतं हे समोर दिसतं. पुढे हीच पद्धत 'आयबीटी' या नावाने अनेक शाळांत आठवी ते दहावीसाठी आली.

आणि ध्येय?

त्यासाठी नंदाखालमध्येच बघता येईल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि वसईचा हिरवा पट्टा वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीचे नेते होते. हा लढा शाळेच्या कुठल्या विषयात बसवणार? विहिरींचं पाणी म्हणजे भूगोल, जमिनीचं आरक्षण म्हणजे नागरिकशास्त्र, आणि लोकांपुढे उभं राहून बोलणं तर कुठल्याच पेपरात नाही.

आजच्या मुलांना लगेच चळवळ उभारायची गरज नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यातली बावखलं बुजत चालली आहेत. आपल्या आळीतल्या बावखलात जूनमध्ये पाणी किती होतं, सप्टेंबरमध्ये किती झालं, याची नोंद नववीतली मुलंही ठेवू शकतात. घरची वाडी असेल तर केळीचा भाव, खत, मजुरी आणि शेवटी हातात काय उरलं, हा हिशेब महिनाभर त्यांच्याकडे द्यावा. आणि तो चुकला तर दुरुस्तही त्यांनाच करू द्यावा.